दौलतभाऊचे नवस

नाई नाई नाई, तो रोडगा मले वाढू नका! हात जोडतो तुमाले! वरन वाढा, वांग्याची भाजी वाढा, वांगे सरले असतील त नुसते देठं वाढा, पन रोडगा... तुमी पाव्हने मानसं, पहिल्यांदा या वावरात आले, तुमाले काय मालूम? तुमी आपला रोडगा फोडसान, तुपात चुरसान, अन् म्हनसान, वा वा पुंजाजी, काय चव हाय! हायच चव! मी कुठी नाई म्हनतो? गोवऱ्यांच्या आरात भाजलेला कनकेचा गोळा, फडक्यानं राख झटकलेला, वरून घरच्या म्हशीचं तूप... पन मानसाच्या पोटाले काई सुमार असते का नाई? मांगच्या हिवाळ्यात, याच लिंबाखाली, याच मारोतीसमोर बसून मी जितके रोडगे खाल्ले ना, तितके माह्या बापानं उभ्या जन्मात खाल्ले नसतीन! अन् नाई म्हनाची सोय नाई. काहून? नवसाचं जेवन! आता देवाचं नाव आलं म्हटल्यावर मानसाले बोलता येते का काई? नाई येत!

तो पाहा, तो तिकडं तुपाची चरवी घेऊन वाढून राह्यला ना, पांढऱ्या टोपीवाला? तो दौलतराव. माहा चुलतभाऊ. घाबरू नका, त्याले आपल्यापर्यंत याले लय टाईम हाय. एकेका पत्रावळीवर तो एकेक पळी तूप वाढते अन् एकेका घराची खबरबात घेते. आता तो त्या पोराले त्याच्या मामाच्या बैलाची तब्येत इचारून राह्यला. तवर तुमाले सांगतो.

हा दौलतभाऊ म्हनजे मानसाचा भुकेला मानूस. काई लोकाले चहा लागते, काईले तंबाखू लागते, याले मानूस लागते! किन्हीराजात आमची घरं भिंतीले भिंत लागून, म्हनून लहानपनापासून पाहून राह्यलो. घरून आगपेटी आनाले धाडला त तीन गल्ल्या फिरून, चार ओट्यांवर बसून, दोघाइचं भांडन मिटवून, एकाची सोयरीक जमवून वापस येते... आगपेटी नाई आनत! गोजरावैनी चुलीपाशी बसल्या बसल्या हात पुढं करते, अन् हा तिच्या हातावर गावाची बातमी ठेवते. एकदा एसटीत चढला. कंडक्टरनं इचारलं, "कुठी जाता बाबा?" हा म्हने, "तुमी कुठवर जाता?" तो म्हने, "मंगरूळपीर." हा म्हने, "मंग द्या मंगरूळपीरच." काई काम नाई, धाम नाई! गाडीत गर्दी दिसली म्हनून चढला! अन् संध्याकाळी त्याच कंडक्टरले घेऊन घरी जेवाले!

अन् देवानं याच्या पदरात बांधली कोन? गोजरावैनी!

आता वैनी म्हनजे... कसं सांगू तुमाले... बाई सोन्याची, पन तोंडाले कुलूप. "हूं." बस. इतकंच. चहा झाला का वैनी? "हूं." पाऊस येईन का? "हूं." पन त्या हूं मंधीही प्रकार हायत बरं, आखूड हूं म्हनजे हो, लांब हूं म्हनजे नाई, अन् नाकातून निघाला त दौलतभाऊनं उठून गोठ्याकडं जाचं! सोताच्या लग्नात, खोटं नाई सांगत, मांडवात पाव्हन्यांची गर्दी पाहून नवरी गायब झाली. सारे हुडकून राह्यले, अन् हे बसली कुठी? गोठ्यात, वासराच्या अंगावर हात फिरवत! तिची माय म्हने, "अवं, वऱ्हाड खोळंबलं!" हे म्हने, "हूं."

बाया म्हनत, गर्वाची हाय. कायचा गर्व? माही बायको टायफाइडनं पडली व्हती तवा हेच बाई रोज सकाळी याची, झाडून काढाची, भाकरी टाकाची, पोराइले न्हाऊमाखू घालाची, अन् एक अक्षर न बोलता निघून जाची. ज्या बाया रोज याच्या अन् खाटंवर बसून "कसं वाटते वं माय" करून दोन घंटे डोकं खाच्या, त्याइच्या पायी माह्या बायकोचा ताप वाढला! आता सांगा, कोनाले मायाळू म्हनाचं? मानसाची गोठच वेगळी असते. केळीले रोज पानी लागते, बाभळीले घातलं त सडते. पन देवाले काय सुचलं त त्यानं केळ अन् बाभूळ एकाच धुऱ्यावर, एकाच बांधावर लावली!

तरी जमलं व्हतं. गाव व्हतं ना! हा दिवसभर गावात बोले, ती दिवसभर घरात गप्प राहे. गाडी नीट चालली व्हती.

मंग मांगच्या साली पोळ्याच्या दुसऱ्या रोजी झाली गडबड. दौलतभाऊ ओट्यावर बसून बैलाइची गोठ सांगून राह्यला व्हता, म्हने, "हरिसिंगच्या जोडीचा डावा बैल..." अन् थांबला. दौलतभाऊ! अर्ध्या वाक्यात! आमी सारे पाहून राह्यलो, आता पुढं सांगते मंग सांगते... त तोंड एकाकडं वाकडं! झटका! उचलला, गाडीत टाकला, नेला अकोल्याले. डॉक्टर म्हने, जीवाले धोका नाई, हातपाय येतीन, पन वाचेचं सांगता येत नाई.

तुमाले सांगतो, गाव सुतकात गेल्यावानी झालं. ओटा रिकामा. अन् हरिसिंगच्या डाव्या बैलाचं काय झालं, ते त अजूनई कोनाले मालूम नाई! मी अकोल्याले भेटाले गेलो, त हा खाटंवर पडून टुकूटुकू पाहे, ओठ हालवे, आवाज नाई. ज्या मानसाले मी जन्मभर म्हटलं, "दौलतभाऊ, आता पुरे कर", त्याले मी म्हटलं, "दौलतभाऊ, काई त बोल रे." वैनी पायाशी बसली व्हती. गप्प. ती त नेहमीचीच गप्प, पन हे गप्प निराळं व्हतं.

अन् एक दिवस सकाळी वाचा आली! पहिलं वाक्य काय बोलला असन? देवाचं नाव? पोराचं नाव? बायकोचं नाव? छ्या! शेजारच्या खाटंकडं बोट करून म्हने, "हे पाव्हने कोन्या गावचे?"

झालं! डॉक्टरनं सुट्टी देली, पन सांगितलं, "यांना शांत जागी ठेवा. गर्दी नको, बोलणं कमी." डॉक्टरचं काय जाते सांगाले? दौलतभाऊचं पोरगं हरीओम, लय गुनाचं, त्यानं दिवाळीच्या आंधी इथं वावरात हिरीपाशी दोन खोल्या बांधल्या, हे दिसून राह्यल्या ना, निळ्या दाराच्या, त्याच. लाईट आनली, म्हैस आनून बांधली. हरीओम अन् त्याची बायको निकिता राह्यले गावातल्या घरात, अन् मायबाप आले इथं.

अन् वैनी फुलली हो! खरं सांगतो! मेथी लावली, अंबाडी लावली, त्या धुऱ्यावर झेंडू लावला. दिवसभर मानूस नाई, मानसाचा आवाज नाई, फक्त पाखरं अन् मोटारचं पानी. एक दिवस मी इकडून जात व्हतो, त पाटात पाय सोडून बसली व्हती अन् गुनगुनत व्हती! गोजरावैनी! मी तिथूनच पावलं न वाजवता वापस फिरलो.

अन् दौलतभाऊ? तो वाळून चालला ना! सकाळी उठून म्हशीशी बोले. म्हैस उठून पाठ फिरवे. तुरीत बुजगावनं व्हतं, त्याच्या डोक्यावर सोताची जुनी टोपी ठेवली अन् रोज त्याले राम राम करे. एक दिवस कोन्या कंपनीच्या पोरीचा फोन आला, म्हने, "सर, आपल्याला कर्ज हवंय का?" याचा चेहरा फुलला! म्हने, "बाई, कर्जाचं राहू दे, तुमी कोन्या जिल्ह्याच्या? मायबाप काय करतात? लग्न झालं का? नाई? अवं, मानोऱ्याले एक पोरगा हाय..." तुमाले सांगतो, त्या पोरीनंच फोन कापला! आपन लोक त्याइचे नंबर बंद करतो, त्याइनं याचा नंबर बंद केला!

मंग त्याले सुचले रोडगे.

आता आपल्याकडं रीत हाय, पाव्हने. देवाले काई मांगलं अन् ते झालं, त वावरात रोडग्याचं जेवन. अन् नवसाच्या जेवनाले कोनीच नाई म्हनू शकत नाई. वैरी असन तरी येते. बस! याले चावीच सापडली! म्हैस व्याली... नवस! रोडगे! मोटार जळली, मोटार दुरुस्त झाली... नवस! रोडगे! चष्मा हारपला, सारं वावर पालथं घातलं, मारोतीले म्हने, "बाप्पा, सापडू दे, रोडगे करतो." कुठी सापडला? कपाळावर! रोडगे! फोनले रेंज आली... रोडगे! मी म्हटलं, "अरे, तूर काढाची हाय, हरभरा पडून हाय, लोकाइनं कामं टाकून कितीकदा याचं?" हा डोये मोठे करून म्हने, "पुंजा, तू मारोतीले नाई म्हनतं?" आता देवाचं नाव आलं म्हटल्यावर बोलता येते का मानसाले काई? नाई येत!

अन् सारं गाव इथं! पोट्टे झेंडूत, बाया मेथीत, बुढे खाटंवर. भट्टी आमी गडीमानसं लावू, पन भाजी, वरन, ताटं, पानी, ते कोनाच्या जीवावर? वैनी निमूट करे. वाढून झालं की इळा घे अन् पार त्या शेवटच्या धुऱ्यावर गवत कापत बसे. म्हशीपुढं गवताचा डोंगर झाला, म्हशीनं खानं सोडलं, तरी वैनी कापतेच!

एका सकाळी बांध फुटला. वैनी बोलली. अन् जे मानूस कधी बोलत नाई ना, ते बोललं की रोखठोक बोलते. म्हने, "तुमाले गाव पायजे, मले वावर. तुमी हरीओमकडं जाऊन राहा, मी इथं राहीन. या वयात कायले एकमेकाचा जीव काढाचा?"

ना राग, ना रडनं. सरळ. जसं, तेल सरलं, आनजा.

दौलतभाऊ तडक माह्याकडं आला. बसला. पानी पेला. अन् वैनी काय बोलली ते सांगितलं. मी म्हटलं, "भाऊ, गेला ना मंग प्रश्न सुटून? गावात ये. ओटा हाय, मानसं हायत, बोल दिवसभर!" त म्हने, "पुंजा, दिवसभर बोलीन रे. पन संध्याकाळी ते सारं कोनाले सांगू?"

काय म्हनाचं याले? सांगा तुमी! ज्या बाईनं चाळीस वर्षांत 'हूं'च्या पुढं उत्तर देलं नाई, तिले सांगाले हा मानूस दिवसभर गावातून गोठी जमा करे! मी म्हटलं, "मंग हे तिले सांग." त म्हने, "ते नाई सांगता येत." घ्या! साऱ्या दुनियेले सारं सांगता येते, अन् जे सांगाचं तेच नाई सांगता येत!

त्याच शनिवारी सवयीनं याचं आवतन गावात फिरलंच व्हतं, रोडग्याचं. होळीचे दिवस, हरभरा काढनीले आलेला. सकाळी वैनी म्हने, "आज नारळ फोडाच्या आंधी नवस कोनता ते साऱ्या पंगतीसमोर मोठ्यानं सांगा. मारोतीच्या डोक्यावर हात ठेवून. खरा असन त ठीक. नसन त तुमची थैली भरून ठेवली हाय."

आता पाहा! मानूस बोलका असन, पन मारोतीसमोर खोटं बोलनारा नाई. आतापर्यंतचे सारे नवस खरे व्हते, चष्म्याचाही खरा. पन या शनिवारचा नवसच नव्हता! घाईत मांगाचं राहून गेलं!

पंगत बसली. मी हे इथंच बसलो व्हतो. भट्टीतून रोडगे निघाले, वास सुटला, वैनी वाढून तिकडं शेवटच्या धुऱ्यावर गेली इळा घेऊन. दौलतभाऊ मारोतीपुढं उभा. एक हात शेंदरावर, एका हातात नारळ. सारे म्हनतात, "हां दौलतराव, बोला!" तो तोंड उघडते... अन् बंद करते. पुन्हा उघडते... बंद. घाम फुटला. दौलतभाऊ अन् गप्प! अन् इतक्यात कोनतरी ओरडलं, "अरे, पाहा रे, त्याचं तोंड वाकडं होऊन राह्यलं!"

मंग काय! पत्रावळी लाथाळत सारे उठले, कोनी पानी आना म्हनते, कोनी गाडी काढा म्हनते, कोनी कांदा हुंगवा म्हनते, कांद्याचं अन् झटक्याचं काय नातं हाय मले अजूनई समजलं नाई! अन् त्या धुऱ्याकडून... अन् त्या धुऱ्याकडून वैनी येऊन राह्यली! पळत! साठीची बाई, लुगडं खोसलेलं, इळा फेकून देलेला, हरभऱ्यातून आडवी! मानसाइची गर्दी हातानं बाजूले सारत, जी बाई गर्दी पाहून सोताच्या लग्नातून पळाली व्हती ती, त्या गर्दीच्या मधोमध! याचं थोबाड दोन्ही हातानं धरलं अन् म्हने, "बोला! बोला ना वो! काईबी बोला! माह्याशी बोला!"

दौलतभाऊ तिच्याकडं पाहे. अन् बारीक आवाजात म्हने, "अवं, काय बोलू... नवसच नाई मांगला."

तोंड सरळ! भलं सरळ! झटका नाई, काई नाई, नुसती लाज!

वैनी मटकन खाली बसली. आमाले वाटलं आता इळा शोधते. पन तिनं पदरानं डोये पुसले, उठली, त्याच्या हातातला नारळ घेतला, मारोतीच्या डोक्यावर हात ठेवला अन् साऱ्या गावासमोर बोलली. म्हने, "नवस माहा हाय. अकोल्याले बोलली व्हती. याइची वाचा आली त गावाले रोडगे घालीन म्हनून. पोळ्यापासून फेडाचा राह्यला."

आमी सारे आ वासून! हरीओम म्हने, "माय, मंग इतके दिवस फेडला काहून नाई?"

वैनी म्हने, "गावाले बोलवा लागलं असतं ना!"

हसून हसून लोक लोळले. मी हसलो, अन् तुमाले खरं सांगतो, हसता हसताच मारोतीले हात जोडले. काहून की मले समजलं, त्या बाईनं देवाले काय कबूल केलं व्हतं. श्रीमंतानं पैका देला, पैलवानानं जोर देला, त त्यात काय? जिले दोन मानसं जास्त झाले की घाम फुटते, तिनं याच्या एका शब्दासाठी अख्खं गाव कबूल केलं व्हतं! अन् दौलतभाऊ? वैनीकडं पाहून त्यानं काय म्हटलं मालूम? काईच नाई. पहिल्यांदा जन्मात त्यानं म्हटलं, "हूं."

नारळ फुटला. थैली रिकामी झाली.

आता बंदोबस्त असा हाय. सकाळी हा दुधाची कॅन घेऊन गावात जाते. दूध दोन घरचं, पन वाटाले सूर्य माथ्यावर येते. ओट्यावर बसते, पोटभर बोलते. वैनी दिवसभर इथं, पाटात पाय सोडून. दिवस कलला की हा वापस. ती निवडत बसते, सोलत बसते, अन् हा सांगत राह्यते. "हूं." "मंग हरिसिंग म्हने..." "हूं." एक रोज याचा घसा बसला व्हता, गप्प येऊन बसला, त वैनीच म्हने, "काहून, आज गावात कोनीच नव्हतं का?" अन् गरम पानी आनून देलं, मिठाचं. डॉक्टरनं काय सांगितलं व्हतं अन् इथं काय चाललं व्हतं, पाहा!

अन् नवस आता वर्षातून एकच. हा आजचा. वैनीचा. ते पाहा, वाढून झालं की निघाली इळा घेऊन धुऱ्यावर. जाऊ द्या. येईन.

मी एकदा न राहवून इचारलंच. म्हटलं, "वैनी, तुमाले शांतता इतकी प्यारी, अन् देवानं आयती देली व्हती. मंग मारोतीले याची वाचा मांगितली काहून?" वैनीनं हातातलं वांगं खाली ठेवलं. लांब श्वास घेतला. म्हने, "भाऊजी, घाई झाली. वाचा दे म्हटलं. किती दे, ते सांगाचं राहून गेलं."

अरे बाप्पा! आला की तो! पोचला आपल्यापर्यंत! आता सोडत नाई, आता तुमचं गाव, तुमचा मामा, तुमच्या मामाचा बैल, सारं निघनार... हां हां दौलतभाऊ, हे पाव्हने पहिल्यांदाच आले, इचार त्याइले काय इचाराचं ते... मी? नाई रे, माहं पोट... काय म्हनतं? वैनीच्या नवसाचा हाय?

वाढ बाप्पा. दोन वाढ.